पेन्शन परत करायला निघालेला अमिताभ

२०१८ साली कल्याण ज्वेलर्सच्या जाहिरातीत अमिताभ पेन्शनर झाला होता, सोबत खरीखुरी लेक श्वेता. चुकून जास्त आलेली पेन्शन परत करायला तो बँकेत जातो आणि त्याला या टेबलावरून त्या टेबलावर पिटाळतात. आमचे बाबा निवृत्त कॅशियर. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "हा कधी रांगेत उभा राहिलाय का?" बँक अधिकाऱ्यांची संघटनाही खवळली, जाहिरात मागे घेतली गेली. बाबा खूश.

२०२० मध्ये तनिष्कने डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली. सून हिंदू, सासर मुसलमान, म्हणून केवढा गदारोळ! आई म्हणाली, "सासू कौतुकच करतेय ना तिचं?" या खेपेला बाबा पेपरात डोकं घालून बसले.