शेवटच्या टाकीतलं कोमट पाणी

कारखान्याच्या सांडपाण्याच्या तपासणीला गेल्यावर फाइल शेवटी उघडावी, असं माझं मत आहे. आधी वाचली की डोळे कागदावरचंच शोधत राहतात. या कारखान्याने मात्र फाइल आधीच टेबलावर मांडून ठेवली होती. वर्षभर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला १८० ते २०० मिलिग्रॅम, परवान्यातली मर्यादा २५०. पीएचच्या रजिस्टरात दर दोन तासांनी ७.२, रात्रपाळीतसुद्धा. खरा चालणारा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) इतका शहाणा नसतो. ऑपरेटर बदलला की आकडा हलतोच.

एरेशन टाकीतलं (हवा फुंकून जिवाणू जगवायच्या टाकीतलं) पाणी लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवलं. खाली जेमतेम ८० मिलीलिटर गाळ बसला, वरचं पाणी गढूळच. हा गाळ म्हणजेच घाण खाणारे जिवाणू, निदान २०० तरी बसायला हवा होता. हवा फुंकणाऱ्या दोन ब्लोअरपैकी एकाचा पट्टा काढून ठेवलेला. आडात जिवाणूच नाहीत, मग पोहऱ्यात १९० सीओडी कुठून आला?

अशा वेळी कंडक्टिव्हिटी मीटर काढायचा, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारा. जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. सँड फिल्टर गाळ अडवतो, कार्बन फिल्टर रंग आणि वास ओढतो. विरघळलेले क्षार दोन्हींतून जसेच्या तसे पुढे जातात. गाळ बसवायला घातलेल्या चुना-तुरटीमुळे उलट थोडे वाढतातच. आरओ नसताना क्षार एकदम उतरले, तर दुसरं पाणी मिसळलंय.

पण फक्त आतलं आणि बाहेरचं पाणी मोजून आरोप करू नये. टाक्यांत पाणी दोन-तीन दिवस मुक्कामाला असतं. आज खारट बॅच आत आली आणि बाहेर परवाचं पाणी निघतंय, असं सहज घडतं. नवीन सहकारी इथेच फसतात. म्हणून टप्प्याटप्प्याने मोजलं. इक्वलायझेशन टाकीत (आलेलं सांडपाणी आधी जिथे एकत्र होतं) कंडक्टिव्हिटी ९.१ मिलिसीमेन्स, एरेशनमध्ये ८.९, क्लॅरिफायरनंतर (गाळ बसवायच्या टाकीनंतर) ८.८, कार्बन फिल्टरनंतरही ८.८. शेवटच्या टाकीत ५.१! तापमानही तसंच. फिल्टरपर्यंत २९ अंश, शेवटी ३३. बंदिस्त फिल्टरमधून आलेलं पाणी टाकीत पडून चार अंशांनी तापत नाही.

टाकी पंपाने उतरवल्यावर तळाजवळ एका पाइपचं तोंड दिसलं. एरवी ते पाण्याखाली असतं. पाइप कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनचा (टॉवरच्या फिरत्या पाण्यातून मुद्दाम काढून टाकलेल्या पाण्याचा), गरम परतीच्या लाइनवरून घेतलेला. त्यातलं पाणी १.४ मिलिसीमेन्स. हिशोब सोपा: ८.८ आणि १.४ निम्मेनिम्म मिसळले की ५.१. फ्लोमीटर या जोडाच्या आधी बसवलेला, म्हणून आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याची रजिस्टरं छान जुळत होती.

परवान्यातली नमुन्याची जागा शेवटच्या टाकीची. तिथला नमुना घेतलाच, शिवाय कार्बन फिल्टरच्या व्हॉल्व्हवरून दुसरा आणि ब्लोडाउनचा तिसरा. व्हॉल्व्ह आधी दोन मिनिटं वाहू दिला, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी बाटलीत येतं. सीओडीच्या बाटलीत पीएच २ च्या खाली जाईल इतकं सल्फ्युरिक आम्ल. बीओडीच्या (जिवाणूंना घाण खायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीच्या) बाटलीत आम्ल अजिबात नाही, फक्त बर्फ. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, नमुन्याने न विसळलेली, थेट धारेखाली. बादलीतून ओतून भरली तर तेल बादलीलाच चिकटतं आणि कारखाना फुकटात पास होतो. हे किती वेळा सांगितलं तरी बादली येतेच.

सीओडीचे निकाल आले: फिल्टरनंतर ३४४, ब्लोडाउन ३८, शेवटच्या टाकीत १९४. म्हणजे रोज बाहेर जाणारी घाण किलोत मोजली तर होती तेवढीच होती. मर्यादा फक्त लिटरमागे लिहिली की पाणी हेच सगळ्यात स्वस्त औषध ठरतं, आणि परवाने लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही.

प्रकरण इथेच संपलं असतं. पण व्यवस्थापकांनी कपाटातून तीन वर्षांपूर्वीचा तपासणी अहवाल काढला. "कूलिंग टॉवरचं पाणी पावसाळी नाल्यात जात आहे. ते प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीत घ्यावे." शिक्का आमच्याच कार्यालयाचा. "साहेब, तुम्ही सांगितलं तेच केलं," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते.

निघताना बंद ब्लोअरचा तासमीटर आणि लॉगबुक ताडून पाहिलं. ब्लोअर थांबला तो पाइप जोडल्यानंतर सहा आठवड्यांनी. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं असावं की आकडा आपोआप उतरलाय, वीज कशाला जाळायची. किंवा पट्टा नुसताच तुटला आणि रिपोर्ट चांगला येतोय म्हणून कोणी नवा मागवला नाही. कारखान्यांत दुसरं जास्त घडतं, असा माझा अनुभव. दोन्ही तारखा अहवालात शेजारी शेजारी लिहिल्या, खाली जुन्या शेऱ्याचा उल्लेखही केला. तो उल्लेख वगळावा, असं वरून सुचवण्यात आलं. मी तो ठेवला आहे. नमुन्याची जागा आता फिल्टरचा व्हॉल्व्ह, आणि ब्लोडाउनला स्वतंत्र लाइन व स्वतंत्र मीटर.