दांडा दाबला, आता पाणी कुठं गेलं?

हातपंप कसा चालतो हे आम्हाला विज्ञानाच्या नव्हे, तर चित्रकलेच्या तासाला कळलं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं ठरल्यावर बाकी आठवणी बाजूला ठेवल्या आणि या तासांबद्दलच लिहायला बसलो.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी आमचे चित्रकलेचे सर मन लावून करून घेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, कशातच हयगय नव्हती. परीक्षा संपल्या की मात्र ते आम्हाला पटांगणातल्या 'इंडिया मार्क टू' पंपापाशी नेत. आमचा जिल्हा सोलापूर, त्यामुळे या पंपाचा त्यांना विशेष अभिमान. आधीचे बिडाचे पंप एखाद्या घरापुरते असत. अख्खं गाव पाणी भरू लागलं की मोडत. सोलापुरात घडलेला दणकट पंप पुढे ठेवूनच सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला, हे ते आवर्जून सांगत.

"दिसतंय ते सगळेच काढतात. जमिनीखाली काय आहे ते काढा," असं म्हणून सर निवांत बसत. मग उभा छेद काढायचा: नळी, तिच्यातल्या सळ्या, तळाशी सिलिंडर, त्यात दट्ट्या. वर्गातल्या बहुतेकांच्या चित्रात एकच झडप असे, तीही दट्ट्यात. सर चूक की बरोबर, काहीच बोलत नसत. पेन्सिल त्या चित्रावर टेकवून विचारत, "दांडा दाबला, दट्ट्या वर आला. आता दांडा सोड. पाणी कुठं गेलं?" बोट चित्रावरून खाली सरकायचं आणि ज्याचं त्यालाच दिसायचं, की पाणी पुन्हा विहिरीत चाललंय. तळाला दुसरी झडप हवी, हे कुणाला सांगावं लागत नसे.

मग साखळी. दांड्याला सळी साखळीने जोडलेली असते. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. तर मग दट्ट्या खाली नेतो कोण? यावर आमच्यात तावातावाने भांडणं झाली. सळ्यांच्या स्वतःच्याच वजनाने तो खाली जातो, हे शेवटी एका मुलीने बाण काढून दाखवलं. तिच्या वहीचं ते पान मला आजही जसंच्या तसं आठवतं. तोंडी उत्तर पाठ करता येतं; चित्रात मात्र न कळलेली जागा कोरी राहते आणि ती शिक्षकालाही दिसते, मुलालाही.

पुढे गणिताच्या बाईंनीही हे उचललं. अ अधिक ब यांचा वर्ग त्यांनी पुठ्ठ्याचा चौरस कापून शिकवला. दोन चौरस आणि दोन आयत हातात आले आणि '२अब' कुठून येतात हा प्रश्नच उरला नाही.

मी आज शेतीपंपांच्या कारखान्यात आराखडे करतो. काम सगळं संगणकावर चालतं. तरी नवीन मुलं आली की त्यांच्यासमोर आधी कागद-पेन्सिल ठेवतो आणि एखाद्या भागाचा छेद हाताने काढायला लावतो. कुठे अडलंय ते पाच मिनिटांत समजतं.

शाळेला एकच विनंती आहे. दहावी जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. तो तास तेवढा राखावा. कापून उघडे केलेले जुने पंप, झडपा, नळाच्या तोट्या शाळेत पोचवायचं काम माझ्याकडे. येत्या जूनपर्यंत पहिली पेटी पाठवतो.