अ‍ॅड्रेनलिनची कीर्ती, नॉरअ‍ॅड्रेनलिनचे काम

कॅटेकोलामाइन्सचा, म्हणजे डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिन या तीन रेणूंचा, विषय निघाला की बोलणे बहुधा संकटापाशीच घुटमळते. धोका समोर येतो, छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेले हे चित्र खोटे नाही. पण ते इतके ठसठशीत आहे की त्याच्या आड या रेणूंचे रोजचे काम झाकले जाते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आडवा असलेला माणूस उठून उभा राहतो, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त घटल्यामुळे रक्तदाब घसरू लागतो; मानेतील कॅरॉटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत असलेल्या दाबसंवेदकांना ही घसरण लगेच कळते आणि काही सेकंदांतच सिंपथेटिक (शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या) मज्जातंतूंच्या टोकांतून पाझरलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्यांना आकुंचित करून दाब पूर्वपदावर आणते. आपल्याला याची जाणीवही होत नाही. डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार करणारे विकर (एन्झाइम) ज्यांच्या शरीरात जन्मतःच नसते, अशा अत्यंत दुर्मीळ रुग्णांना मात्र ती पदोपदी होते, कारण उभे राहताच त्यांचा रक्तदाब कोसळतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ड्रॉक्सीडोपा हे औषध या गैरहजर विकराला वळसा घालून शरीरात थेट नॉरअ‍ॅड्रेनलिन बनते, आणि त्याने या रुग्णांना उभे राहणे जमू लागते. याउलट, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या, अ‍ॅड्रेनलिन बनवणाऱ्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या माणसाला कॉर्टिसोलची आणि क्षारांचा तोल राखणाऱ्या संप्रेरकाची भरपाई आयुष्यभर करावी लागते. अ‍ॅड्रेनलिनची करावी लागत नाही. ज्या संप्रेरकाची कीर्ती सर्वांत मोठी, त्याच्यावाचून माणूस बऱ्यापैकी जगू शकतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

हे तिन्ही रेणू एकाच साखळीतले आहेत. टायरोसीन या अमिनो आम्लापासून आधी डोपा, मग डोपामिन, त्यातून नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनलिन तयार होते. शेवटची पायरी मुख्यतः अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात घडते, कारण ती घडवणाऱ्या विकराला भरपूर कॉर्टिसोल लागते आणि ग्रंथीच्या बाहेरच्या थरात बनलेले कॉर्टिसोल रक्ताबरोबर थेट या गाभ्यात उतरते. रक्तात आलेले कॅटेकोलामाइन जेमतेम दोन-तीन मिनिटे टिकते. मज्जातंतूच्या टोकाशी सुटलेल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा बराचसा भाग तर तोच मज्जातंतू परत शोषून घेतो, हे ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवले आणि 1970 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अतिदक्षता विभागात ही औषधे पंपाद्वारे अखंड का द्यावी लागतात, याचे उत्तर या अल्पायुष्यात आहे.

अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे श्रेय 1901 मध्ये जोकिची ताकामिने यांना मिळाले. पण वैद्यकाच्या दृष्टीने खरी कलाटणी 1948 मध्ये मिळाली, असे मी म्हणेन. एकच पदार्थ एका रक्तवाहिनीला आकुंचित करतो आणि दुसरीला सैल सोडतो, हे कोडे तोवर सुटत नव्हते. रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांनी सुचवले की फरक पदार्थात नसून तो स्वीकारणाऱ्या, पेशींवरच्या रिसेप्टरमध्ये आहे, आणि त्यांनी या रिसेप्टरचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग मांडले. या मांडणीकडे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी तिच्याच आधाराने प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रिसेप्टर अडवणारे औषध, म्हणजे बीटा-ब्लॉकर, घडवले.

रिसेप्टरचे हे गणित अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. या तीव्र अ‍ॅलर्जीत रक्तवाहिन्या सैलावतात, श्वासनलिका आवळल्या जातात आणि घशाला सूज येते. अ‍ॅड्रेनलिनचा अल्फा परिणाम रक्तवाहिन्या आवळतो व सूज उतरवतो, तर बीटा परिणाम हृदयाला बळ देतो, श्वासमार्ग मोकळा करतो आणि अ‍ॅलर्जीची रसायने सोडणाऱ्या मास्ट पेशींना आवर घालतो. प्रौढांना अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात आणि गरज भासल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून हे इंजेक्शन लांबवणे धोक्याचे असते, कारण ती गोळी यातले जीव वाचवणारे एकही काम करत नाही.

जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो त्या सेप्टिक शॉकमध्ये मात्र पहिली पसंती नॉरअ‍ॅड्रेनलिनला आहे. पूर्वी तेथे डोपामिन सर्रास वापरत, आणि कमी मात्रेतले डोपामिन मूत्रपिंडांना वाचवते असा समज दीर्घकाळ टिकून होता. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीने तो खोडून काढला, आणि 2010 मधील 1679 रुग्णांच्या युरोपीय चाचणीत डोपामिन घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या तालाचे बिघाड जवळजवळ दुप्पट आढळले. जाता जाता एवढेच सांगतो की शिरेतून दिलेले डोपामिन मेंदूत पोहोचत नाही. म्हणूनच पार्किन्सनच्या रुग्णाला त्याच्या आधीची पायरी असलेले लेव्होडोपा द्यावे लागते.

हृदय थांबलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रेनलिन देण्याची प्रथा फार जुनी. तिची मोठी, काटेकोर चाचणी मात्र 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार रुग्णांच्या त्या चाचणीत 30 दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण अ‍ॅड्रेनलिनमुळे 2.4 टक्क्यांवरून 3.2 टक्क्यांवर गेले, पण मेंदू सुस्थितीत राहिलेल्यांच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. हृदय पुन्हा सुरू करणे आणि माणूस परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आकड्यांतून जितके स्पष्ट होते तितकेच ते वाचताना जड जाते.

कॅटेकोलामाइन्सचा मारा किती काळ चालतो, हा प्रश्न हृदय निकामी होण्याच्या दीर्घ आजारात सर्वांत तीव्र होतो. दुबळ्या हृदयाला सावरण्यासाठी शरीर नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवते. काही काळ त्याने निभावतेही, पण महिनोन्‌महिने चाललेला हा मारा हृदयपेशींनाच झिजवतो आणि रक्तातली पातळी जितकी जास्त तितके आयुष्य कमी, हे 1984 मध्ये दिसून आले. अशा रुग्णाला बीटा-ब्लॉकर देणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. गोटेनबर्गमधील फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मोजक्या रुग्णांत ते देऊन पाहिले, तेव्हा बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरच्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत हे सारे ज्ञान एकत्र वापरावे लागते. गाठ मनमानी कॅटेकोलामाइन्स सोडते आणि रुग्णाला डोकेदुखी, घाम व धडधड यांचे झटके येतात. धडधड ऐकून आधी बीटा-ब्लॉकर देण्याचा मोह होतो, पण त्याने रक्तवाहिन्या सैल ठेवणारा बीटा परिणाम तेवढा बंद पडतो, अल्फाचा आवळ मोकाट सुटतो आणि रक्तदाब भयंकर वाढू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या एक-दोन आठवडे आधी अल्फा-ब्लॉकर सुरू करतात, मीठ आणि पाणी भरपूर देतात आणि नाडी वेगवान राहिलीच तर त्यानंतर बीटा-ब्लॉकर जोडतात. गाठीच्या शिरा बांधल्या की तिचा पुरवठा एकदम तुटतो आणि रक्तदाब खाली येतो. तेव्हा भूलतज्ज्ञाला पुष्कळदा नॉरअ‍ॅड्रेनलिनचाच पंप सुरू करावा लागतो.