आमचा बल्ब सध्या ऑफलाइन हाय

परभणीत उन्हाळ्यात रात्री लाईट जाणं ही काय बातमी नाही. जाते, येते, लोक गच्चीवर जातेत, परत खाली येतेत. पण घरात स्मार्ट बल्ब आल्यापासून मला लाईट जाण्यापेक्षा ती येण्याचीच जास्त धास्ती असती, कारण रात्री अडीचला लाईट आली की हॉल, बेडरूम, पॅसेज सगळीकडचे बल्ब एकदम पांढरेफटक, फुल्ल पेटतेत, झोपताना मोबाईलवरून शिस्तीत बंद केलेले असले तरी. आज्जी उठून बसते आणि चूळ भरायला मोरीकडं निघते. तिला परत झोपवायचं म्हणजे आधी घड्याळ दाखवायचं, मग बाहेरचा अंधार दाखवायचा, तरी तिचा विश्वास बसत नाही.

यात बल्बाचं चुकतं असं नाही बरं का. आतल्या बारक्या चिपला एवढंच कळतं की करंट गेला होता आणि आता आलाय. तो कुणी भिंतीवरचं बटण दाबल्यामुळं गेला का डीपी उडाल्यामुळं गेला, हे तिला कळायला मार्गच नाही. आणि बनवणाऱ्यांनी हिशोब असा केलेला असतो की माणसानं बटण चालू केलं म्हणजे त्याला उजेड पाहिजे. बरोबरच आहे की, जिथं लाईट जातच नाही तिथं. बऱ्याच ॲपात लाईट आल्यावर बल्बानं काय करायचं हे ठरवायची सेटिंग असती, चालू राहा, बंद राहा, नाहीतर आधी होतास तसा राहा, पण ती पार आत कुठंतरी दडवलेली असती. आमच्यातल्या एका बल्बाला तर ती सेटिंगच नाही, तो जन्मतःच आशावादी आहे.

बरं मोबाईलवरून बंद करावं म्हणलं तर तेही जमत नाही. बल्ब लाईट येताच पेटतो, राऊटरला मात्र उठायला वेळ लागतो, आधी फायबरचा डबा जागा होणार, मग वायफाय येणार, मग बल्ब त्याला जाऊन चिकटणार, आणि त्यात पुन्हा हे बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारे, राऊटरचं ५ वालं वायफाय त्यांना दिसतच नाही. तोपर्यंत ॲप सांगतंय 'डिव्हाइस ऑफलाइन'. आणि डिव्हाइस तर डोळ्यात उजेड मारत डोक्यावर लटकलंय! मग वैतागून उठायचं आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचं. सकाळी बघावं तर परत ऑफलाइन, आता करंटच नाही म्हणून.

राऊटर इन्व्हर्टरवर घेतल्यावर जरा सुधारलं. तरी गल्लीत नालीसाठी जेसीबी आला की फायबर तुटती, आणि आमच्या बल्बाला तीन हातांवरून दिलेला हुकूम आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला जाऊन मग परत घरात येतो, त्यामुळं जेसीबीवाल्यानं आमचा हॉल दिवसभर अंधारात ठेवला असंही झालंय.

आईचं यावर सरळ धोरण आहे, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद. लग्न होऊन या घरात आल्यापासूनची सवय आहे ती, वीजबिलाच्या धाकानं पक्की झालेली. मी बटणावर चिकटपट्टी लावली, तिनं बोर्ड पुसताना ती काढून टाकली.

"आई, ते बटण बंद नको करत जाऊ गं."

"मग बसवलंय कशाला ते?"

याला काय उत्तर देणार.

बोलणाऱ्या डब्याशी, म्हणजे तोंडी हुकूम ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरशी, मात्र तिचं बरं चाललंय. डब्याशी मराठीत बोलून चालत नाही, मग आई हिंदीत बोलते, आणि आईची हिंदी म्हणजे आजवर भंगारवाल्याशी आणि बोहारणीशी बोलायला वापरलेली परभणीची हिंदी. "हॉलकी बत्ती बंद कर दे ना जरा, फुकट जलरी." डबा यातलं 'हॉल' आणि 'बंद' उचलतो आणि कधीकधी खरंच बंद करतो. नाही कळलं की एकदम शुद्ध हिंदीत माफी मागतो. आई म्हणते, लई शिकलेली दिसती.

भावानं पुण्याहून झाडू मारणारा रोबोट पाठवलाय, तो आमच्या स्वयंपाकघराच्या कडप्प्याच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकतो आणि मागं फिरतो. त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतेत, पायऱ्यांवरून पडू नये म्हणून. काळा दगड ते किरण परत पाठवत नाही, त्यामुळं त्याला वाटतं पुढं खड्डाच आहे. स्वयंपाकघर अजून आईच्याच झाडूकडं आहे.

कौतुक करावं असं घरात एकच, आमचा लोखंडी कूलर. पत्र्याची बॉडी, वाळ्याच्या ताट्या, गोल फिरवायचं बटण. त्याला एक स्मार्ट प्लग लावला आणि पहाटे चारला बंद व्हायची वेळ लावून दिली, झालं, गारठ्यानं उठून बंद करायची भानगडच संपली. लाईट जाऊन आली तरी बटण फुल्लवरच असल्यामुळं तो आपला मुकाट्यानं सुरू होतो. त्याच हौसेनं शेजारच्यांनी त्यांच्या नव्या टच बटणाच्या कूलरला तसलाच प्लग लावला, तर प्लग चालू झाला की तो नुसता लाल दिवा दाखवून बसतो, कुणीतरी येऊन हात लावीपर्यंत. म्हणजे जितकं यंत्र जुनं आणि ठोकळा तितकं ते लवकर स्मार्ट होतं, हे मला कुणी दुकानात सांगितलं नव्हतं.

पण अण्णांना यातलं काहीच नवीन वाटत नाही, कारण त्यांच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या, बोअरला मोबाईल स्टार्टर आहे, आमच्या घरात वायफाय यायच्या आधीपासून. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि रात्री इच्चूकाट्यातून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला कोण जाणार, म्हणून हे यंत्र. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे यातलं जुनं नाव, नंतर मग कितीतरी आले. आत एक सिम असतं, फोन लावायचा, मोटर चालू. एक फेज गेला तर मोटर बंद करतं. बोअरचं पाणी संपलं की मोटर करंट कमी ओढती, तेही त्याला कळतं, जळायच्या आत बंद. आणि मुख्य म्हणजे लाईट आल्याबरोबर झेप घेत नाही, लावून दिलेला वेळ थांबतं, व्होल्टेज बघतं, मग चालू करतं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, नुसते साधे ऑटोस्विच असले की लाईट आली रे आली साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतेत आणि डीपी बसती, म्हणून तर वीजवाले सारखे सांगतेत ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा.

थोडक्यात ज्यानं हे बनवलं त्याला लाईट म्हणजे काय चीज आहे हे माहीत होतं. बल्ब बनवणाऱ्याच्या घरची लाईट बहुतेक कधी गेली नसावी.

"तुझ्या त्या बल्बाला बी टाक की एखादं सिम," अण्णा म्हणले. त्यांनी चेष्टेत म्हणलं पण मी खरंच मोंढ्यात स्टार्टर दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो, म्हणलं लाईट आल्यावर घरातले बल्ब जरा दम खाऊन पेटतील, किंवा पेटणारच नाहीत, असं काही करता येतंय का. त्यानं हातातली सोल्डरिंग बाजूला ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"टायमर टाकून देतो की, त्यात काय," तो म्हणला, "पण मालक, शेतात रात्री कुणी नसतंय म्हणून ते लागतंय. घरात तुम्ही हायेतच ना?"