लक्ष्मी भिंतीवरून खाली

१४ जानेवारी, रात्री

बोट कापलं. उजव्या हाताची तर्जनी, पहिल्या पेराच्या आतल्या बाजूला, नेमकं टॅब्लेटचं पेन टेकतं तिथे. सकाळी गच्चीवर जाताना लेकाच्या सगळ्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या, माझ्या राहिल्या. "आई, जरा धर ना," म्हणून त्यानं दोर हातात दिला तेव्हा शेजारच्या गच्चीशी पेच लागलेला होता. आमचा पतंग गेला, समोरून "काइपो छे!"चा (कापला रे!) गजर झाला आणि मी बोट तोंडात घालून ऊंधियुची भाजी गरम करायला खाली आले.

आता चार-पाच दिवस पेन धरता येणार नाही. याच आठवड्यात गच्चीचं चित्र संपवायचं ठरवलं होतं. संध्याकाळ, काळी सिंटेक्सची टाकी, तारेत अडकलेला पतंग, मागे मावळतीचं आकाश. डिसेंबरपासून अडलंय ते टाकीपाशी. काळी टाकी काळ्या रंगानं काढली की चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं.

मग मी नेहमी करते तेच केलं होतं. ज्या एका चित्रकाराची कामं दोन वर्षं फोल्डरमध्ये साठवते आहे, त्याचं संध्याकाळचं एक चित्र शेजारी उघडलं आणि आयड्रॉपरनं, म्हणजे चित्रातला रंग टिपून घ्यायच्या साधनानं, त्याच्या सावलीतला निळा उचलला. माझ्या टाकीवर टेकवला तर तो निळा नव्हताच. करडा. सिमेंटच्या पोत्यासारखा. वाटलं, चुकीच्या जागी टेकलं असेल. पुन्हा उचलला, पुन्हा करडा. त्याच्या चित्रात त्या करड्याच्या चहूबाजूंनी नारिंगी आहे, आणि नारिंगीच्या शेजारी करडा डोळ्याला निळा दिसतो. माझं आकाश मी आधीच जांभळट निळं करून बसलेले. तिथे तोच रंग म्हणजे चिखल. रंग उचलला, पण त्याचे शेजारी थोडेच बरोबर येणार होते!

बोट ठणकतंय. डाव्या हातानं टाइप करते आहे, चुका असतील.

१६ जानेवारी

काल वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा पतंगाचा दिवस, त्यामुळे काहीच झालं नाही. लेक दिवसभर गच्चीवर, मी पायऱ्यांवर फिरकी धरून. आज ऑफिसातून आल्यावर लॅपटॉप उघडला आणि पेन नसल्यामुळे नुसती बघत बसले. फोल्डरमध्ये चारशेच्या वर चित्रं निघाली. त्यातली किती मी खरंच बघितली आहेत? साठवली आहेत. बघणं वेगळं.

गेल्या वर्षी एका छोट्या प्रकाशनाच्या संपादकांनी माझी सहा चित्रं परत पाठवली होती. लिहिलं होतं, "काम स्वच्छ आहे, पण हात दुसऱ्याचा वाटतो." तेव्हा राग आला, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आज ती सहा चित्रं फोल्डरमधल्या चित्रांशेजारी लावली. त्यांचं चुकलं नव्हतं. मान वळवण्याची लकब, गालावरचा गुलाबी ठिपका, पानांचा तो ठरावीक ब्रश, सगळं उचललेलं. कशावर काय चढवलं, आधी काय आणि मागून काय, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं. शेवटच्या थरावर दिसेल तेवढंच मी घेतलं होतं.

मान वर केली तर समोर भिंतीवर लक्ष्मी. आमच्या घरातली रविवर्मा प्रेसची, म्हणजे चित्रकार राजा रविवर्म्याच्या छापखान्याची, तसबीर. सासूबाईंच्या सासूबाईंनी आणलेली म्हणतात. काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग आहे आणि काचेवर किती वर्षांचं हळदीकुंकू. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज बघते. म्हणजे, बघत नाही.

स्टुलावर चढून काढली. भिंतीवर तिच्या मापाचा फिकट चौकोन राहिला.

"अगं, देवाला काय असं टेबलावर आडवं घालतेस!" सासूबाई.

"आई, जरा बघायचंय फक्त."

"पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू आहे. बायका काय भिंतीला हात जोडणार का?"

तेवीस तारखेच्या आत परत लावण्याच्या बोलीवर ती मला मिळाली.

१७ जानेवारी

सासऱ्यांचं तिकिटं बघायचं भिंग कपाटात होतं. त्यातून लक्ष्मीचा दंड पाहिला आणि दंड नाहीसाच झाला. ठिपके. गुलाबी, पिवळे, थोडे निळे, मधे कागद. हल्लीच्या छपाईत ठिपके कवायतीला उभे असतात तशा रांगेत असतात. हे तसे नव्हेत. विखुरलेले, कुठे दाट, कुठे विरळ, दंड वळतो तिथे वळणारे. माणसाच्या हातानं दगडावर टिंबटिंब करून काढलेले. लिथोग्राफीत, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्या दगडावर फक्त त्या रंगाचं चित्र, मग एकच कागद एकामागून एक दगडावरून जायचा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण लुगड्याच्या काठाशी लाल रंग रेघेच्या बाहेर केसभर सरकलेला दिसला तेव्हा खरं कळलं. कागद त्या दगडावर नीट बसला नव्हता. माझ्याकडून संगणकावरच्या चित्राचा एखादा लेयर, म्हणजे थर, चुकून हलतो ना, अगदी तसं. शंभरएक वर्षांपूर्वी कुणाचा तरी लेयर सरकला आणि तसाच आमच्या देवघरात आला. मला एकटीलाच हसू आलं.

तळाशी बारीक अक्षरांत कारला-लोणावळा वाचता येतं. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, तेव्हा आमची लक्ष्मी त्यानंतरची. १९०१ मध्ये तो फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, पण छपाई पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. चित्रांच्या अशा छापील प्रती काढाव्यात, हे रविवर्म्याला सुचवणारे सर टी. माधवराव हे आपल्या बडोद्याचेच माजी दिवाण. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा राग जरा उतरला. "मग आपल्याकडे असायलाच हवी," म्हणाल्या.

दुपारी कागदावर पेन्सिल डाव्या हातात धरून यादी करायचा प्रयत्न केला: कोणता दगड आधी, कोणता मागून. पिवळा खाली आहे हे नक्की, कारण कमळाच्या पानांचा हिरवा भिंगातून बघितला तर पिवळ्यावर निळा आहे. कातडीचा गुलाबी त्यानंतर. करडा आणि गडद तपकिरी शेवटी, केस आणि डोळे त्यांनीच उघडलेत. आणि पांढरा? पांढरा दगड कुठेच सापडला नाही. मोत्यावरची चमक, हत्तीच्या सोंडेवरचा उजेड, डोळ्यातला ठिपका, सगळा कोरा कागद.

मी चित्राच्या शेवटी पांढरा ब्रश घेऊन चमक टेकवत फिरते. इथे चमक पहिल्या दगडाच्या आधीच ठरलेली, आणि शेवटपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही.

१८ जानेवारी, रविवार

लेकाला घेऊन राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात गेले. ही इमारत आधी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. लेकाला ते फारच अन्यायाचं वाटलं, एवढी मोठी शाळा आणि मुलं इतकी थोडी. मोबाइल पर्समधून काढायचा नाही असं ठरवून आत शिरले.

१८८८ मध्ये सयाजीरावांनी रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं होतं. शाळेच्या सहलीत आम्हाला इथे रांगेनं फिरवलं होतं, तेव्हा माझं लक्ष फक्त दागिन्यांकडे. आजही तिकडेच गेलं, पण जवळून. लांबून जो जरीचा काठ झगझगतो तो जवळ गेल्यावर जर राहतच नाही. मातकट तपकिरी पट्टा, त्यावर गेरूसारखा रंग, त्यावर मोजून काही फिकट पिवळे टिपके, ते मात्र जाड, वरून ठेवलेले. तीन पावलं मागे आलं की सोनं, पुढे गेलं की माती. मी इतक्यांदा पुढे-मागे केलं की लेक म्हणाला, "आई, तू गरबा करतेस का?"

कालच्या तसबिरीत उजेड खालून येतो, कागदातून. इथे तेलरंगात उजेड वरून ठेवलाय. नाव एकाच चित्रकाराचं, पण कामाचा क्रम उलटा. आणि मी माझ्या टाकीवर दोन्ही एकदम करत होते.

मी ज्यात चित्रं काढते त्या क्रिटा प्रोग्रॅममध्ये साधा लेयर खालचं झाकतो, तेलरंगासारखा. मल्टिप्लाय या पर्यायावर ठेवलेला लेयर खालच्याला गुणतो, छपाईच्या पारदर्शक शाईसारखा. पांढरा म्हणजे एक, त्यानं गुणलं तर काही बदलत नाही. अर्ध्या उजेडाला अर्ध्यानं गुणलं की पाव. मी टाकीला आधीच काळपट करून घेतलं होतं, म्हणजे समजा एक पंचमांश उजेड, आणि वर मल्टिप्लायची सावली दिली एक तृतीयांशाची. हातात राहिला पंधरावा हिस्सा. भोक नाही पडणार तर काय! मग ते भोक बुजवायला वरून पांढरट चमक. त्यानं टाकी प्लॅस्टिकची दिसायला लागली. (ती प्लॅस्टिकचीच आहे, पण इतकी नाही.)

बाहेर बाकावर बसून लेकाला रविवर्म्याची गोष्ट सांगितली. त्रावणकोरच्या दरबारात रामस्वामी नायकर हे चित्रकार होते, त्यांनी तेलरंग शिकवायला नकार दिला. मग १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपातला चित्रकार तिथे आला. त्यानंही शिकवलं नाही, पण काम चालू असताना उभं राहून बघू दिलं. रविवर्मा तेव्हा वीस वर्षांचा. लेकानं विचारलं, "मग त्याचं पण बोट कापलेलं का?"

२० जानेवारी

पट्टी छोटी झाली. पेन अजून नाही. माऊस डाव्या हातात घेऊन लक्ष्मीच्या फोटोवर दगड वेगळे करून बघते आहे: सहा लेयर, सगळे मल्टिप्लायवर, तळाला जुन्या कागदाचा बदामी रंग. डाव्या हाताचं काम म्हणजे भयंकर, दंड बटाट्यासारखा झालाय. पण तिसरा लेयर चालू केला तेव्हा पिवळ्यावरून निळा गेला आणि पानं आपोआप हिरवी झाली. मी हिरवा रंग निवडलाच नव्हता. मी जागच्या जागी ओरडले. नवरा कणीक मळत होता, तो तशाच हातांनी बाहेर आला.

आज ऑफिसातून येताना कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, पाच मिनिटं डोकावले, बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसाठी. तिथे थरांचा हिशेब फार चालत नाही, तिथे रेघेचं राज्य. हे नंदलालसुद्धा तरुणपणी, १९०९ मध्ये, लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला गेले होते. माझा स्टॅबिलायझर, हाताची थरथर काढून रेघ गुळगुळीत करणारी सोय, मी शेवटच्या टोकापर्यंत ताणून ठेवते, म्हणून माझ्या रेघा इस्त्री केल्यासारख्या येतात. तो कमी करून बघायचाय. पण एका वेळी एकच खूळ.

२२ जानेवारी, रात्री

पेन धरलं. थोडं झोंबतं, पण चालतंय.

गच्चीचं चित्र नव्यानं सुरू केलं. चित्रकाराचं फोल्डर बंद. तळाला फिकट बदामी. त्यावर आकाशाचा पिवळा, आणि हा पिवळा मी टाकीपाशी थांबवला नाही, टाकीच्या खालूनही जाऊ दिला. मग गुलाबी, तोही थोडा टाकीवरून. मग निळा, उजव्या बाजूला दाट, डावीकडे विरळ होत गेलेला. तपकिरी शेवटी, आणि हात आखडता. मावळतीकडच्या कडेला एक बोटभर पट्टी राखली, तिथे पिवळ्यानंतर काहीच येऊ दिलं नाही.

टाकी काळी दिसते. काळा रंग वापरलेला नाही. भोक नाही. उजवीकडचा गोलवा अजून पाव आणा कमी आहे आणि पतंगाचं शेपूट मला आवडत नाही, पण ते उद्या. एम दाबून चित्र आरशासारखं उलटं करून पाहिलं, तरीही टाकी सरळ उभी. याआधी प्रत्येक वेळी ती उलट्यात कलंडायची.

अकरा वाजता स्टुलावर चढून लक्ष्मी जागेवर लावली. फिकट चौकोनावर बरोबर बसली.

२३ जानेवारी

हळदीकुंकू झालं. पस्तीसेक बायका, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचे चमचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लक्ष्मीसमोर जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. काच पुसल्यामुळे असेल. मी त्यांना सरकलेला लाल दाखवणार होते, पण हातात ताट होतं.

सगळ्या गेल्यावर सासूबाई पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव तरी काय केलंस ते. आठवडाभर देवीला खाली ठेवली होतीस." लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला. चष्मा चढवून त्यांनी बराच वेळ बघितलं. मी रंगाबद्दल काहीतरी बोलायच्या बेतात होते.

"टाकीचं झाकण उघडं आहे," त्या म्हणाल्या.

"हो, तसंच दिसतं तिथून. मी बघून काढलंय."

"अगं, चित्रातलं नाही म्हणत मी. उत्तरायणापासून उघडं आहे की काय?"

टॉर्च घेऊन वर गेले. उघडंच होतं. आत कुणाचा तरी लाल पतंग तरंगत होता.