लाल वसाहतींमधल्या पांढऱ्या वसाहती

आमच्या प्रयोगशाळेत एडीई-२ हे जनुक निकामी झालेला यीस्टचा वाण आम्ही कायम जोपासतो. ॲडेनिन तयार होण्याच्या साखळीतला एक टप्पा त्यात बंद असल्याने त्या टप्प्याआधीचा पदार्थ पेशीत साठतो, त्याचे ऑक्सिडीकरण होऊन रंगद्रव्य बनते आणि ॲडेनिन कमी असलेल्या माध्यमावर वसाहती विटकरी लाल दिसतात. एका सकाळी आमची विद्यार्थिनी प्लेट घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, या पांढऱ्या वसाहती म्हणजे कंटॅमिनेशन आहे का? टाकून देऊ का?" मी थांबवले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्या यीस्टच्याच दिसत होत्या.

रंग जाण्याची कारणे वेगवेगळी असू शकतात. एडीई-२ पुन्हा दुरुस्त झाले असेल, तर पेशी ॲडेनिनशिवायही वाढतील. मायटोकॉन्ड्रियातील श्वसन बंद पडले असेल, तरी लाल रंगद्रव्य बनत नाही, पण अशा पेशी ग्लिसरॉलवर वाढू शकत नाहीत, कारण ते वापरायला श्वसन लागते. तिसरी शक्यता सर्वांत मोलाची असते: साखळीत एडीई-२ च्याही आधी काम करणारे एखादे जनुक बिघडल्यामुळे रंग देणारा पदार्थ तयारच होत नसेल. अशा पेशी लाल पेशींपेक्षा जोमाने वाढतात, म्हणून त्या आपोआप पुढे येतात. १९५६ मध्ये हर्शेल रोमन यांनी यीस्टमधील दुहेरी उत्परिवर्तके (दोन जनुके बिघडलेले वाण) याच वाटेने मिळवली होती.

आम्ही निर्जंतुक मखमलीवर प्लेट दाबली आणि तो ठसा दोन माध्यमांवर, एक ग्लिसरॉलचे आणि एक ॲडेनिन नसलेले, उमटवला. निकाल वाचण्याच्या दिवशी बहुतेक पांढऱ्या वसाहती ग्लिसरॉलवर वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे त्या श्वसनदोषाच्या होत्या. एक वसाहत मात्र ग्लिसरॉलवर दणकून वाढली होती आणि ॲडेनिन नसलेल्या प्लेटवर तिच्या जागी काहीच नव्हते, म्हणजे तिसरी शक्यताच उरत होती. ती रिकामी जागा पाहताना मला जो आनंद झाला, तो भरगच्च वाढलेली प्लेट पाहूनही सहसा होत नाही.

मग तिचा संकर वेगवेगळी एडीई जनुके बिघडलेल्या, विरुद्ध संकर-प्रकाराच्या वाणांशी केला. दोन्ही पालकांचा बिघाड वेगवेगळ्या जनुकांत असेल, तर दोन्हींची जनुके असलेल्या द्विगुणित पेशींत एका पालकाची उणीव दुसऱ्याचे निरोगी जनुक भरून काढते आणि त्या पेशी ॲडेनिनशिवाय वाढतात. बिघाड एकाच जनुकात असेल, तर वाढत नाहीत. ॲडेनिन नसलेल्या प्लेटवर ओढलेले एडीई-४ आणि एडीई-६ यांच्याबरोबरच्या संकरांचे पट्टे छान भरले, एडीई-८ बरोबरचा पट्टा कोराच राहिला. पुढे मूळ निरोगी वाणाशी संकर करून बीजाणू वेगळे केले, तेव्हा त्यांत पुन्हा लाल वसाहती उमटल्या. एडीई-२ चा बिघाड दुरुस्त झालेला नव्हता. दुसरा बिघाड त्याचा परिणाम झाकत होता, आणि ज्याचा परिणाम वरचढ ठरतो ते जनुक अशा जैवसंश्लेषणाच्या साखळीत आधी काम करते.

विद्यार्थिनीने लगेच विचारले, "मग एडीई-८ आधी की एडीई-६?" प्रश्न नेमका होता. ही दोन्ही जनुके एडीई-२ च्या आधी काम करतात आणि दोन्हींच्या बिघाडाने वसाहत पांढरीच राहते, त्यामुळे त्यांचा आपसातला क्रम रंगावरून ठरवता येत नाही; त्यासाठी प्रत्येक बिघाडात पेशीत नेमका कोणता पदार्थ साठतो, हे रासायनिक रीतीने ओळखावे लागते.