पिन सेट केला, पण कार्डाची बटणं बघितली का?

बँकेचं नवं कार्ड हातात आलं की बहुतेक जण पिन तयार करतात आणि ते पाकिटात ठेवून देतात. पण पाच मिनिटांचं महत्त्वाचं काम त्यानंतर करायचं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं या सोयी आपण सुरू करायच्या असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात यांची वेगवेगळी बटणं असतात आणि प्रत्येकासाठी रोजची मर्यादाही ठरवता येते. घाईत सगळीच बटणं सुरू केली जातात आणि मर्यादा बँकेने दिलेली, म्हणजे बरीच मोठी, तशीच राहते.

यातलं परदेशी व्यवहारांचं बटण सर्वांत आधी बघा. आपल्याकडच्या साइटवर सहसा ओटीपीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. परदेशातल्या अनेक साइट मात्र ओटीपी विचारतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे जातात. त्यामुळे कार्डाच्या दोन्ही बाजूंचा एक फोटो कुणाच्या हाती लागला तरी पुरतं. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकणं म्हणूनच धोक्याचं. परदेशी काही घ्यायचं असेल तेव्हा बटण सुरू करा, व्यवहार झाला की बंद करा.

मर्यादा आपल्या खर्चाकडे बघून ठरवा. महिन्याचा किराणा आठ हजारांचा असेल, तर दुकानातल्या मशीनसाठी दिवसाला पंधरा हजार भरपूर झाले. फ्रीज किंवा दागिना घ्यायचा असेल तेव्हा काउंटरवर उभं राहून मर्यादा वाढवता येते. घरी आल्यावर ती खाली आणायची तेवढी आठवण ठेवावी लागते.

टॅपबद्दल लोक नको ती भीती बाळगतात. गर्दीत कुणी मशीन खिशाजवळ नेऊन पैसे काढेल, असं वाटतं. पण कार्ड अगदी काही सेंटीमीटरवर यावं लागतं आणि चिप प्रत्येक व्यवहाराला नवा कोड देते, त्यामुळे तो चोरून पुन्हा वापरता येत नाही. खरा धोका पाकीट हरवण्याचा आहे, कारण ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. टॅप वापरत असाल तर त्याची मर्यादा दोन हजारांवर आणा, वापरत नसाल तर बंदच ठेवा.

दुकानात आधी मशीनवरची रक्कम वाचा, मगच पिन दाबा. एक शून्य जास्त पडणं ही नेहमीची चूक आहे. हॉटेलात मशीन टेबलावर मागवा, पेट्रोल पंपावर गाडीतून खाली उतरा. ‘पिन सांगा, मी टाकतो’ असं म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. तो माणूस प्रामाणिक असला तरी मागे रांगेत उभे असलेले ऐकत असतात.

व्यवहार फसला, पण खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, तर मशीनमधून ‘डिक्लाइन्ड’ची, म्हणजे व्यवहार नाकारल्याची, पावती मागून घ्या. असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. पावतीची शाई उडते, म्हणून तिचा लगेच फोटो काढा.

ऑनलाइन खरेदीत ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. त्यात बहुधा रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. आपण ४९९ ची वस्तू घेतोय आणि मेसेजात ४९,९०० दिसतात, तर तिथेच थांबता येतं. ‘कार्ड सेव्ह करा’ या पर्यायाला मात्र फार घाबरू नका. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडच्या साइटला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, तिच्याकडे त्याऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी कोड, राहतो.

आपण न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला, तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो तोच लावा. इंटरनेटवर शोधलेले ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा ठगांचे निघतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजी दिवस लागले, तर नेहमीच्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्यावर येऊ शकतात. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने त्या व्यवहारात गेलेली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते.

ओटीपी स्वतःच सांगून बसलात, तरी गप्प राहू नका. कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेचा तक्रार क्रमांक आणि तारीख लागते.